दिवे घाट ते लोणंद : एक राहिलेलं भजन

दादाच्या दिंडीत चालायला मी चार वर्षं उशिरा गेले. तो असताना दर जूनला फोन यायचा, "ये की गं एकदा, सासवडपर्यंत तरी." आणि दर जूनला मुलांच्या शाळा, ऑफिसचं ऑडिट, काही ना काही निघायचंच. २०२१च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेला. यंदा वहिनींचा फोन आला. "मी लोणंदपर्यंत जाऊन येणाराय. येताय का वन्सं?" मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

वहिनींबद्दल आधी सांगायला हवं. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कार्तिकातला काकडा त्यांच्या आवाजाशिवाय उजाडायचा नाही. गवळण म्हणावी तर वहिनींनी. दादा टाळकरी, चौदा वर्षं ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यात चाललेला. पण सूर वहिनींचा. दादा गेल्यावर त्यांनी म्हणणं सोडलं. पहिले काही महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तेव्हा मंदिरंच बंद होती. नंतर त्या हरिपाठाला जायच्या, खांबाला पाठ लावून बसायच्या, संपला की उठून यायच्या. ओठ हलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यांच्या मातीला टाळ वाजला न्हाई. आता मी कशाला म्हणू?"

ज्यांच्या गावात ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे माळकरी माणूस गेला की घरापासून स्मशानापर्यंत भजन चालतं. पुढे टाळ-मृदंग, मागे तिरडी. दादा गावातल्या बहुतेक प्रत्येक मयतीला टाळ घेऊन गेलेला. त्याच्या वेळेला मात्र शहरातली स्मशानभूमी, पांढऱ्या किटमधली चार माणसं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो, आणि फाटकाबाहेर वहिनी नि मी. पाच-सात मिनिटांत सगळं झालं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२०ला, पायी वारी झाली नव्हती. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ते सगळे दिवस दादा अंगणात बसून हरिपाठ म्हणायचा आणि फोनवर सांगायचा, "आज माऊली जेजुरीला असत्या बघ." मी "हं" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

पहिला दिवस : पुणे ते सासवड

भवानी पेठेतून पहाटे निघालो. हडपसरपर्यंत दोन्ही पालख्यांची गर्दी एकाच रस्त्यावर. तिथून तुकोबा लोणी काळभोरकडे जातात आणि माऊली दिवे घाटाकडे. सासवडपर्यंतचा हा टप्पा सगळ्या वाटेतला सर्वांत मोठा, सुमारे ३२ किलोमीटरचा. त्यातच ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे सगळ्यांना उपास. रस्त्याच्या दुतर्फा केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी. एक आजी प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर मीठ-साखर ठेवत होत्या. "घाटात लागंल, माऊली." घाटात ती खरंच लागली.

आमची दिंडी रथामागची. रथाच्या पुढे २७ दिंड्या चालतात, मागे कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकरी, त्यांच्यात पखवाज आणि विणेकरी, आणि मागे आम्ही बायका. काहींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. आमचे विणेकरी अण्णा सत्तरी ओलांडलेले, अंगाने किडकिडीत. वीणा खाली ठेवायची नसते. ते जेवायला बसले की दुसरा कुणीतरी गळ्यात घेतो. तसं कधीपासून चालत आलंय, हे अण्णांनाही सांगता आलं नाही, ते म्हणाले, "माझ्या हातात आली तवा ती उभीच हुती."

वडकी नाल्याशी विसावा घेऊन घाटाला लागलो. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. खाली मस्तानी तलाव, वर ढग, आणि वळणावळणावर पांढऱ्या टोप्या नि भगव्या पताका. पाऊस येतोय न येतोय असा. फोटोत हे सगळे बघतात. फोटोत जे येत नाही ते मला तिसऱ्या वळणावर कळलं.

विणेकरी चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरतात, एवढं मला ठाऊक होतं. पण चढावर दम लागतो. एका बाजूच्या ओळीतली चार-पाच माणसं गप्प होतात, श्वास घेतात. तोवर दुसऱ्या बाजूची ओळ ध्रुपद ओढते. त्यांचा दम सरला की ही बाजू उचलते. कुणी कुणाला खूण करत नाही. माझ्या पुढचे काका एका जागी थांबून गुडघे धरून वाकले, चांगली दोन मिनिटं. वर आले ते थेट अभंगाच्या ओळीतच आले. ओळ त्यांच्यासाठी थांबली नव्हती आणि त्यांच्यावाचून अडलीही नव्हती. इतक्या तासांत एकदाही अभंग खाली पडलेला मी पाहिला नाही.

टाळकऱ्यांत शेजारच्यांचा सोळा वर्षांचा पोरगा होता. त्याच्या हातात दादाचे टाळ. पहिल्याच वर्षी वहिनींनी ते त्याला देऊन टाकलेले. काशाचे, कडेला घासून उजळलेले, आणि निळी नायलॉनची दोरी, जिला दादाने मारलेली गाठ तशीच होती. पोरगा दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, गडबडायचा. पखवाजवाले मान वळवून त्याच्याकडे बघत, डाव्या हाताचा ठेका जरा मोठा करत, आणि तो पुन्हा लयीत यायचा. वहिनींची नजर सगळा घाटभर त्या दोरीवर होती.

सासवडला पोहोचेपर्यंत रात्र झाली. पाय हे आपले अवयव आहेत हे विसरायला झालं होतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवते. नवे बूट अजिबात घालू नका. वापरून मऊ झालेल्या चपला बऱ्या. बोटांच्या मधे व्हॅसलीन लावून निघा. ओळखीच्या दिंडीतूनच जा. भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, आधी भरली की सामान ट्रकमधून पुढच्या तळावर जातं आणि राहुटीत झोपायला जागा मिळते. ताट, तांब्या, प्लॅस्टिकचा मोठा कागद, बॅटरी, स्वतःची औषधं बरोबर हवीत. आणि चालत्या दिंडीची ओळ मधून तोडून पलीकडे जाऊ नका. फोटोसाठी तर नाहीच नाही. कडेने थांबा, दिंडी जाऊ द्या.

दुसरा दिवस : सासवड

इथे दोन मुक्काम असतात. सकाळी कऱ्हेकाठी कपडे धुतले. द्वादशीचं पारणं एका अनोळखी घरी झालं. रस्त्यावरूनच हाताला धरून आत नेलं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा, वरणभात नि गुळाची लापशी. घरच्या सुनेने पायाला कोमट पाणी आणि खोबरेल तेल दिलं. मी संकोचले तर म्हणाली, "घ्या हो. आम्हाला चालायला जमत नाही, एवढं तरी पदरात पडू दे."

सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. रांग दोन तासांची. वहिनी आणि मी उभ्या राहिलो. सोपानकाकांची पालखीही इथूनच, माऊलींचा मुक्काम असताना, पंढरपूरला निघते. गावात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

संध्याकाळच्या कीर्तनात बुवांनी चार भावंडांची कथा लावली. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली, बरोबर महिन्याने मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानदेवांनी इथे सासवडला. मग मुक्ताबाई, मग निवृत्तिनाथ. वर्षाच्या आत घर रिकामं. बुवांनी समाधीच्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग घेतले. त्यात थोरला निवृत्ती, जो सगळ्यांचा गुरू, तोच हंबरडा फोडतो. बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं, तसं झालंय म्हणतो. बुवा पुढे काही समजावत बसले नाहीत. आत्मा अमर आहे वगैरे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी तीच ओळ पाच-सहा वेळा वेगवेगळ्या चढाने म्हटली, टाळकऱ्यांनी उचलली, आणि मांडवातल्या बायाबापड्या पदराने डोळे पुसत म्हणू लागल्या.

माझ्या मनात आलं ते असं. चार वर्षं झाली, आता सावरायला हवं, असं मला घरातले, ऑफिसातले, सगळे मायेनंच सांगत होते. मीही वहिनींना तेच सांगत आले. आणि इथे सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका भावाचं रडणं अजून रोज कुठे ना कुठे म्हटलं जातं. इतकी वर्षं झाली, आता पुरे, असं त्या अभंगाला कुणी म्हटलेलं नाही. ज्याच्या घरात पेंढी सुटते तो येतो, त्या ओळीत आपलं माणूस ठेवतो आणि जातो.

वहिनी रडल्या नाहीत, म्हणाल्याही नाहीत. मी मात्र ऑफिसातल्या माणसांसमोर चार वर्षं आवरलेलं सगळं तिथे, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर, सोडून दिलं. तिने नाव-गाव विचारलं नाही. पाठीवर टाळीच्या लयीत थापटत राहिली, आणि एकीकडे म्हणणंही चालूच.

तिसरा दिवस : जेजुरी

अंतर सोळा-सतरा किलोमीटर, रस्ता सोपा. कालच्या विश्रांतीने पाय हलके झालेले. जेजुरी जवळ येते तसे अभंग बदलतात. मल्हारीची पदं, भारुडं सुरू होतात, आणि "यळकोट यळकोट जय मल्हार"चा गजर. पालखीवर भंडारा उधळला तेव्हा माणसं, बैल, रस्ता, डबकी, सगळं पिवळं. माझ्या चष्म्याच्या काचा पिवळ्या, वहिनींचे पांढरे होत चाललेले केस पिवळे. चार वर्षांत त्यांच्या कपाळाला रंग लागला तो असा. त्यांनी तो पुसला नाही.

संध्याकाळी तळावर समाज आरती. वारीत एकच गोष्ट पाहायची झाली तर ही पाहा, असं मी कुणालाही सांगेन. रिंगण फोटोतही दिसतं, हे नाही. सगळ्या दिंड्या तळावर आपापल्या जागी उभ्या राहतात, मधे पालखी. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच धरतात आणि "होऽऽ" अशी आरोळी देतात. क्षणात सगळं शांत. इतकं, की लांबच्या ट्रकचं इंजिन ऐकू यावं. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते. कुणाचा टाळ, कुणाचं पाकीट, कुणाची म्हातारी आई. पुढच्या दिवसाचं वेळापत्रक सांगतात. शेवटी आरती.

त्या दिवशी चोप वर झाला, तळ शांत झाला, आणि एका बाजूच्या दिंडीतून टाळ वाजतच राहिले. मला वाटलं त्यांना कळलं नसावं. शेजारच्या आक्कांनी सांगितलं, "कळलंय की. त्येंची तक्रार हाय." समाजापुढे काही गाऱ्हाणं असेल तर दिंडी टाळ थांबवत नाही. चोपदार त्यांच्याकडे जातात, काय ते ऐकून घेतात, निवाडा होतो, मगच टाळ थांबतात. चालीचा, जागेचा, पाण्याचा, काहीही प्रश्न असो, तोवर पुढे काही नाही. त्या सबंध शांततेत आठ-दहा टाळांचा तो बारीक किणकिणाट. चोपदार गेले, वाकून ऐकलं, काही बोलले. किणकिणाट थांबला. आरती सुरू झाली.

आरती झाल्यावर राहुटीत कंदिलाशेजारी वहिनी पिठलं-भात खात होत्या. घास हातात धरून म्हणाल्या, "वन्सं, म्हंजे गाऱ्हाणं असलं तर टाळ वाजवायचा असतो. आणि मी बंद करून बसले."

मला काय बोलावं सुचलं नाही. मी त्यांच्या ताटात लोणचं वाढलं.

चौथा दिवस : वाल्हे

बारा किलोमीटर. टप्पा छोटा, म्हणून दिवसभर सगळे निवांत. वाल्मीकींची समाधी इथे आहे असं मानतात, त्यावरून वाल्ह्याचं महत्त्व. दुपारनंतर पाऊस असा लागला की राहुट्यांत पाणी शिरलं. ट्रकला ताडपत्री बांधून तिच्याखाली सगळी दिंडी, पन्नास-साठ माणसं, कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दाटीने बसलो. कुणीतरी चहा टाकला. आलं नव्हतं, गवती चहा मिळाला.

वहिनी उठल्या आणि अण्णांसमोर जाऊन बसल्या. अण्णांच्या गळ्यात वीणा होतीच. त्या म्हणाल्या, "अण्णा, ह्यांच्या वाटणीचं भजन राहिलंय."

अण्णा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. ते दादाबरोबर चौदा वर्षं चाललेले. म्हणाले, "राहिलंय खरं. माझ्या भैणीचं बी राहिलंय." मग मागून आवाज आला, "आमच्या सासूबाईंचं." आणखी एक, "धाकट्या मेव्हण्याचं. त्याला तर बघायला बी दिलं न्हाई." एकामागून एक नावं आली. करोनाच्या दोन वर्षांत त्या एवढ्याशा दिंडीत अकरा माणसांचं भजन राहिलं होतं. इतकी वर्षं एकत्र चालून, जेवून, झोपून हे कुणी कुणाला बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याच घरचं राहिलं.

अण्णांनी पखवाजवाल्यांकडे बघितलं. त्यांनी ओल्या हवेने उतरलेली उजवी पुडी कडेने ठोकून, डाव्या पुडीला कणीक लावून वाद्य लावायला घेतलं. त्याला पंधरा मिनिटं लागली, आणि ती पंधरा मिनिटं कुणीही बोललं नाही. पाऊस तेवढा ताडपत्रीवर वाजत होता. मग "जय जय राम कृष्ण हरी". मग रूपाचा अभंग, मग आमच्याकडे मयतीच्या वाटेवर म्हणतात ती चाल, संथ, एकेका पावलाला एक टाळ. सगळे बसूनच होते, पण ती चाल ऐकताना माणूस मनाने चालायला लागतो. घरापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून स्मशानापर्यंत. दादाची ती वाट मी त्या ताडपत्रीखाली चालले. तो पोरगा निळ्या दोरीचे टाळ वाजवत होता. संथ लयीत एकदाही चुकला नाही.

वहिनी पहिले तीन अभंग गप्प होत्या. चौथ्याला अण्णांनी चरण सुरू केला आणि मधेच थांबले. मुद्दाम की आवाज फुटला नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. टाळ चालूच होते. ध्रुपद एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा चरण वहिनींनी उचलला.

आवाज खरखरीत झाला होता. वरच्या पट्टीत जाताना चिरला. त्या तशाच म्हणत राहिल्या. पुढचा चरण आक्कांनी घेतला, त्यानंतरचा परत वहिनींनी.

मग त्यांनीच ताटीचा अभंग धरला. जगाच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसलेत आणि धाकटी मुक्ता बाहेरून विनवते आहे, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा". हा अभंग मी लहानपणापासून ऐकत आलेय. शाळेत तो उपदेशाचा अभंग म्हणून शिकवला होता. त्या संध्याकाळी मला त्यात उपदेश दिसलाच नाही. बंद दाराबाहेर उभी असलेली धाकटी बहीण दिसली. दादा अकरा दिवस ज्या दारापलीकडे होता, त्या दाराबाहेरच्या निळ्या खुर्चीवर मी बसून होते. रोज दुपारी एक नर्स येऊन सांगायची, "सेम आहे." ते दार मला उघडता आलं नाही, म्हणून त्या दिवसांत मी देवाचं नावही घेतलं नव्हतं, आणि नंतरही नाही. मुक्ताबाईचं म्हणणं मात्र दर चरणाला परत त्याच दाराशी येऊन उभं राहतं. मी म्हणायला लागले. मला सूर नाही. वहिनींच्या आवाजाच्या सावलीत म्हटलं.

सगळं संपेपर्यंत दोन तास गेले असतील. शेवटी अण्णांनी अकराही नावं घेतली आणि प्रत्येक नावानंतर एकदा गजर केला. दादाचं नाव सातवं आलं. मग बुक्का लावला. मग आक्का म्हणाल्या, "पीठ मळायला घ्या गं, नाहीतर नऊ वाजतील."

पावसाच्या दिवसांत जाणाऱ्यांसाठी : कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ट्रंकेत अगदी खाली ठेवा आणि काही झालं तरी त्याला हात लावू नका. रात्री कोरडं नेसून झोपायला मिळणं म्हणजे काय ते वाल्ह्याला कळलं. मोबाइल चार्ज करायला गावातली दुकानं पैसे न घेता देतात, पण नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. सगळे फोन सारखेच दिसतात. बायकांनी आंघोळ पहाटे तीनच्या सुमाराला उरकावी. उशीर झाला की आडोसा मिळत नाही. आणि मधेच परतायचं असेल तर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे–मिरज लोहमार्गावरची स्टेशनं आहेत.

पाचवा दिवस : नीरा आणि लोणंद

पहाटेचा कर्णा झाला तेव्हा आकाश धुतल्यासारखं. हा टप्पा वीस किलोमीटरच्या आसपास, पण सगळ्यांचं लक्ष नीरेकडे. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि आमचा सातारा लागतो. पूल ओलांडल्यावर दत्त घाटावर माऊलींच्या पादुकांना नीरास्नान घालतात. गर्दी इतकी की आम्हाला पादुका दिसल्या नाहीत, वर उडालेलं पाणी तेवढं दिसलं. "माऊली, माऊली" असा गजर नदीच्या दोन्ही काठांवरून येत होता.

आम्ही थोडं खालच्या अंगाला पाण्यात उतरलो. वहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून चेहरा धूत होत्या. जेजुरीचा भंडारा त्यांच्या कानामागे अजून होता. एकीकडे त्या गुणगुणत होत्या. कालचा नव्हे, काकड्यातला काहीतरी. मधेच थांबून मला म्हणाल्या, "काल तुम्ही दुसरा चरण चुकीचा म्हटला, वन्सं. ह्यो बघा असा हाय." आणि पाण्यात उभं राहूनच त्यांनी मला तो तीनदा म्हणायला लावला. चौथ्यांदा बरोबर आला तेव्हा सोडलं.

लोणंदला पोहोचलो ती दुपार कलताना. बाजारतळाशेजारी मोठा तळ. साताऱ्याकडून आलेली माणसं भाकरीची गाठोडी घेऊन आपापल्या गावच्या दिंड्या शोधत होती. आमच्या गावाहूनही टेम्पो आला होता. त्यात शेंगदाण्याची चटणी, शेवग्याच्या शेंगांची भाजी आणि टोपलीभर भाकरी. मी पोटभर जेवले आणि पिशवी भरायला घेतली. माझी रजा संपत होती. ठरल्याप्रमाणे संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघणार होतो.

वहिनींची पिशवी तशीच कोपऱ्यात. त्या सुई-दोरा घेऊन चपलेचा पट्टा शिवत होत्या.

"वहिनी, आवरा की."

त्यांनी दात लावून दोरा तोडला. कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "शनवारापर्यंत सुट्टी काढा आणखी दोन दिस, आणि जाताना गावाकडं जाऊन जावा. म्हशीला शेजारची बघती, पण तिला पेंड कुठं हाय ते ठावं न्हाई; माडीवर उजव्या हाताच्या पिंपात. तुळशीला पाणी घाला. देवघरातल्या फळीवर ह्यांची अभंगाची वही हाय, तिला वाळवी लागती, जरा उन्हात टाका. आणि ते ताट तुमचं ठेवून जा माझ्यापाशी, माझं वाल्ह्याला वाहून गेलं."

"आणि तुम्ही?"

"उद्या चांदोबाच्या लिंबाला रिंगण हाय," त्या म्हणाल्या. "आणि आता मधनंच कसं यायचं? अण्णांना वरचा सूर पेलत न्हाई."

मी ताट दिलं. त्या मला सोडायला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत आल्या, तेवढ्यात समाज आरतीची वेळ झाली आणि दिंडी तळाकडे निघाली. वहिनी पदर खोचून त्या ओळीत शिरल्या. रस्त्याच्या वळणावर मी वळून पाहिलं तर त्या पोराला काहीतरी सांगत होत्या; त्याच्या हातातले टाळ घेऊन त्यांनी निळ्या दोरीची सैल झालेली गाठ ओढून घट्ट केली आणि टाळ परत त्याच्या हातात दिले.